बाकड्यावरचा चौथा

नोटीस माझ्या हातात देऊन नगरपरिषदेचा शिपाई मारुती लोंढे माझ्याच बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "अण्णा, चहा सांगा की."

मी चहा सांगितला. त्यानं तो फुंकून फुंकून घेतला, कप बाकड्याखाली सरकवला आणि मग म्हणाला, "ह्याचीच आहे."

"काय?"

"नोटीस. ह्या बाकड्याची. तीन दिवसांत काढायचं, नाहीतर आमची माणसं येऊन नेतील."

"अरे, बावीस वर्षं आहे ते इथं! तू स्वतः किती वर्षं बसतोयस ह्याच्यावर?"

"म्हणून तर बसून घेतलं," मारुती म्हणाला. "तक्रार आलीय, अण्णा. ॲपवर. पूर्वीचं बरं होतं. अर्ज यायचा, ह्या टेबलावरून त्या टेबलावर जायचा, तोवर तक्रार करणारा आणि ज्याच्यावर केली तो, दोघांच्या घरात सोयरीक व्हायची. आता मुख्याधिकारी बाईंच्या खोलीत हा एवढा पडदा लावलाय. तक्रार आली की लाल ठिपका, निकालात निघाली की हिरवा. तुमचा लाल आहे."

"कुणी केली?"

"नाव आम्हाला दिसत नाही. फोटो आहे बघा खाली." एवढं बोलून तो उठला. जाताना त्यानं बाकड्याच्या पाठीवर दोनदा हात फिरवला, बैल विकताना फिरवतात तसा.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बेलसांगवीच्या बाजारपेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तालुक्याच्या दवाखान्याला नवी इमारत मिळाली तेव्हा जुनं सामान लिलावात निघालं, त्यात हे सागवानी बाकडं मी घेतलं. पाठीवर पांढऱ्या रंगात सतरा नंबर. तो मी खरवडला नाही, कारण नंबर असलेल्या वस्तूला लोक जरा मान देतात. रोज पाचला त्यावर चौघं बसायचे. गाद्या भरणारा बाबालाल पिंजारी, निवृत्त पोस्टमन हुलवान, समोरच्या फोटो स्टुडिओचा जिनपाल शेडबाळे आणि मी. काय बोलायचो ते विचारू नका. आम्हालाही दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही, म्हणून तर रोज बसावं लागायचं.

मारुती गेल्यावर मी नोटीस नीट वाचली. 'विभाग: रस्त्यावरील अडथळा व धोका. तक्रार: ज्येष्ठ नागरिक पडून इजा होण्याची शक्यता. सोबतचा फोटो पाहावा.' आता, आमच्या बाकड्यावरून ज्येष्ठ नागरिक पडल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. उलट गावातले ज्येष्ठ नागरिक पडायचे ते त्यावर जागा मिळाली नाही म्हणून.

खाली फोटो होता. काळापांढरा, चहाच्या बशीएवढा. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर नगरपरिषदेचा जांभळा गोल शिक्का. नोटीस यंत्रातून निघाली तरी शिक्का मारल्याशिवाय तिथं कुणाला चैन पडत नव्हतं.

मी भिंग डोळ्याला लावलं. चाळीस वर्षं ज्या भिंगातून बारीक दातेरी चाकं पाहिली, त्यातून मी आयुष्यात पहिल्यांदा माणसं पाहिली, आणि ती मला अजिबात आवडली नाहीत.

फोटोत बाकड्यावर तिघं होते. डावीकडं गुडघा वर घेतलेला बाबालाल. मध्ये पेपर धरलेला हुलवान. उजव्या टोकाला मी, भिंग कपाळावर चढवलेलं. पाठीमागं माझ्या उघड्या दुकानातली भिंत. भिंतीवर अकरा घड्याळं आणि अकरा वेळा. दुरुस्तीला आलेली घड्याळं, त्यांच्याकडून कसली अपेक्षा! पण मधलं लंबकाचं घड्याळ माझं स्वतःचं होतं, आणि ते कधी मिनिटभरही चुकलं नव्हतं. त्यात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

पाच वीसला बाकड्यावर चौघं असायचे. फोटोत तिघं होते.

चौथा फोटो काढत होता.

मी भिंग पुसून पुन्हा लावलं. फोटो समोरून, दोन पायऱ्या उंचीवरून घेतलेला होता, आणि समोर दोन पायऱ्या फक्त शेडबाळे फोटो स्टुडिओला होत्या. शिवाय फोटो फार चांगला होता. उजेड तिघांच्या चेहऱ्यांवर बरोबर पडला होता. बाबालाल तर चक्क देखणा दिसत होता. नगरपरिषदेला पाठवायचा फोटो इतका मन लावून कोण काढतो? ज्याला दुसऱ्या प्रकारचा काढता येत नाही तो.

बत्तीस वर्षांची आमची दोस्ती. मी नोटिशीची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी जिनपाल नेहमीसारखा आला. मी तिघांना एवढंच सांगितलं की बाकड्याविरुद्ध कुणीतरी तक्रार केली आहे. आणि मग तिघांकडं नाही, एकाकडंच बघत बसलो.

"कुणाच्या डोळ्यांत खुपलं?" बाबालाल म्हणाला. "ह्या बाकड्यानं कुणाचं काय खाल्लं?"

"पत्ता सांगा, मी जाऊन विचारतो," हुलवान म्हणाला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पत्त्यात दिसायचं.

जिनपाल म्हणाला, "कोण असेल रे? बघू तरी नोटीस."

"घरी राहिली," मी म्हणालो. ती माझ्या बरगडीला टोचत होती. पुरावा संशयिताच्या हातात द्यायचा नसतो, एवढं मला कळत होतं.

"काय लिहिलंय?"

"अडथळा."

"बाकड्याचा? कुणाला?" जिनपालनं खरोखर नवल वाटल्यासारखा चेहरा केला. हजारो लोकांना 'जरा हसा' म्हणून सांगितलेला माणूस, त्याला स्वतःला चेहरा करायला कितीसा वेळ लागतो? मग त्यानं फोन काढला, काहीतरी बघितलं आणि परत ठेवला. "सात दिवसांत करतात म्हणे," तो स्वतःशीच म्हणाला.

"काय करतात?"

"काही नाही." आणि तो वाकून बाकड्याच्या पायापाशी जमिनीकडं बघायला लागला.

"काय हरवलं?"

"काही नाही रे. तुझा पाय कसा आहे?"

माझा उजवा पाय त्या दिवसांत सुजलेला होता. दोन आठवड्यांपूर्वी दुकान बंद करताना मुरगळला. कशात गेला ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. साठीतल्या माणसानं आपण पडलो हे सांगू नये, लोक लगेच काठी सुचवतात. मी म्हणालो, "पायाचं काय, पाय आहे." आणि मनात नोंद केली: विषय बदलला.

त्या दोन दिवसांत मला कारणंही सापडली. एकदा शोधायला बसलं की कारणांचा तुटवडा नसतो. दिवाळीत मी त्याला म्हणालो होतो की तुझ्या फोटोतल्या सगळ्या नवऱ्यामुली एकाच आईच्या वाटतात. ते लागलं असणार. त्याच्या स्टुडिओबाहेर काचेची शोकेस होती, आणि लोक तिच्यातले फोटो बघायचे सोडून आमच्या बाकड्याकडं बघत उभे राहायचे. तेही लागलं असणार. आणि मुख्य म्हणजे ते 'माझी बेलसांगवी' नावाचं ॲप. त्याचं खूळ गावात कुणाला असेल तर ते जिनपालला. दुकानाचा परवाना त्यानं स्टुडिओत बसल्या बसल्या दहा मिनिटांत नवा करून घेतला, आणि तो कागद आम्हाला चार वेळा दाखवला. घरासमोरचा दिवा लावून घेतला. माझ्या फोनात ते ॲप घातलं तेही त्यानंच.

"हे बघ यशवंता, इथं दाबायचं, इथं फोटो जोडायचा, इथं विभाग निवडायचा. 'इतर' कधी निवडायचं नाही. 'इतर'मध्ये गेलं की विसरून जायचं."

"आणि ह्या खुणेचं काय?"

"नाव गुप्त ठेवायचं असेल तर. आपल्याला काय करायचंय?"

मी तेव्हा हसलो होतो. म्हणालो होतो, "नगरपरिषदेला फोनवरून काम सांगायचं म्हणजे पारावरच्या मारुतीला पत्र टाकल्यासारखं आहे." आता मला त्या हसण्याची लाज वाटली. मारुतीनं पत्र वाचलं होतं, आणि तो माझं बाकडं न्यायला येत होता.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. चार माणसं, एक मुकादम. मुकादमाच्या हातात फोन. आधी त्यानं बाकड्याचा फोटो काढला, मग बाकडं उचललं, मग बाकडं नसलेल्या जागेचा फोटो काढला. बाबालाल दुकानातून कापूस लागलेल्या दाढीनिशी धावत आला, पण तोवर बाकडं टेम्पोत चढलं होतं. त्याचे चार पाय वर, आणि पाठीवरचा सतरा नंबर उलटा. मी दारात उभा होतो. जिनपाल त्याच्या पायरीवर.

तेवढ्यात जिनपालच्या खिशात फोन वाजला. त्यानं तो काढून वाचला. "निवारण झालं म्हणतात," तो पुटपुटला. मी ते स्पष्ट ऐकलं. मधे फक्त रस्ता होता.

त्याचा चेहरा उतरला. तो रस्ता ओलांडून तडक माझ्याकडं आला. "यशवंता, मला जरा बोलायचंय."

"मला नाही," मी म्हणालो, आणि आत जाऊन एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ उघडलं. तो दोन मिनिटं दारात उभा राहिला असेल. मी भिंग काढलं नाही. भिंग डोळ्याला असलं की समोर माणूस उभा आहे की हत्ती, काही दिसत नाही. आमच्या धंद्यातली ती एक सोय आहे. मग तो गेला.

दुपारी रस्ता ओस पडला. जिनपाल जेवायला घरी गेला. मी रस्ता ओलांडला.

शोकेस त्याच्या दारापासून दोन फूट पुढं आलेली होती. लोखंडी चौकट, पुढं काच, आत तीन ओळींत फोटो. नवरानवरी, बारशाची बाळं, पदवीच्या टोप्या. आणि अगदी मधोमध, सगळ्यांत मोठा, माझा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, वय अठ्ठावीस. त्या फोटोला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. जिनपालला आयुष्यात मिळालेलं ते एकच बक्षीस. तो फोटो त्यानं तिथून कधी हलवला नाही. तीस वर्षं गावातली पोरं मला विचारायची, "अण्णा, तो तुमचा धाकटा भाऊ काय?"

मी बरोबर समोर उभा राहिलो, फोन वर धरला आणि फोटो काढला. विभाग: रस्त्यावरील अडथळा व धोका. 'इतर' निवडलं नाही. 'नाव गुप्त ठेवा'समोर खूण केली. फोननं मला टोकन क्रमांक दिला आणि जागरूक नागरिक असल्याबद्दल आभार मानले.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत सरकारदरबारी माझं कुठलंही काम इतक्या झटपट झालं नव्हतं.

शुक्रवारी जिनपाल पाचला आला. मी मान वर केली नाही. शनिवारी तो पुन्हा आला, ह्या खेपेला हातात चहाचे दोन ग्लास घेऊन. बसायला काही नव्हतं. एक ग्लास त्यानं माझ्या काउंटरवर ठेवला आणि दुसरा घेऊन दारात उभा राहिला.

"मलाही आली," तो म्हणाला.

"काय?"

"नोटीस. शोकेसची. मंगळवारी नेणार."

"अरेरे," मी म्हणालो. माझा आवाज मला स्वतःलाच परका वाटला. "कुणी केली असेल?"

जिनपालनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. फोटो काढायच्या आधी तो गिऱ्हाईकाकडं बघायचा, उजेड कुठून येतो हे ठरवायला, तसं. मग म्हणाला, "फोटो आहे तीत. चांगला काढलेला नाही."

चहा निवला. त्यानं आपला संपवला, माझा तसाच राहिला. जाताना तो पुन्हा दुकानासमोरच्या जमिनीकडं बघत थांबला, जिथं बाकडं होतं तिथं. "इथनं जपून जा," तो म्हणाला. मला ती धमकी वाटली.

रविवारी बाजारपेठ बंद. सोमवारी तो पुन्हा दोन चहा घेऊन आला. बाबालाल आणि हुलवानही आले, तिघं रांगेत उभे राहिले, बसथांब्यावर उभे राहतात तसे. पाच मिनिटांत हुलवानचे गुडघे दुखायला लागले आणि सभा बरखास्त झाली.

घरी बायको म्हणाली, "जेवत का नाही?"

मी तिला सगळं सांगितलं. माझी तक्रार सोडून सगळं. भिंग, पाच वीस, दोन पायऱ्या, फोनवरचं निवारण. कोर्टात सांगतात तसं मुद्देसूद सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आणि भाऊजींना विचारलंत का?"

"चोराला विचारायचं, बाबा तू चोर आहेस काय म्हणून?"

"मग नगरपरिषदेत विचारा. तिथं कुणाला तरी ठाऊक असेलच की."

म्हणून मंगळवारी सकाळी मी नगरपरिषदेच्या नागरी सुविधा केंद्रात गेलो. मला जिनपालचं नाव डोळ्यांनी बघायचं होतं. ते एकदा छापील दिसलं की मी केलं ते योग्य झालं असतं, आणि मी जेवलो असतो.

केंद्र नवंकोरं होतं. थंड हवा, काचेचं दार, काउंटरमागं गळ्यात ओळखपत्र घातलेली पंचविशीतली मुलगी. अश्लेषा सुतार, असं त्यावर लिहिलं होतं.

"नमस्कार काका! टोकन घ्या आणि बसा. पाच मिनिटांत बोलावते."

मी टोकन घेऊन बसलो. बसताच कमरेला ओळखीचं काहीतरी लागलं. उठून मागं पाहिलं. सतरा.

"ताई, हे बाकडं कुठलं?"

"ते होय? गेल्या आठवड्यात आलं. नागरिकांना बसायला सोय नाही अशी ॲपवर तक्रार होती. दोन दिवसांत निवारण केलं आम्ही." ती अभिमानानं हसली. "छान आहे ना?"

"छान आहे," मी म्हणालो आणि पुन्हा बसलो. दुसरं काय करणार?

माझा नंबर आला. मी चौघडीची नोटीस काउंटरवर उलगडली. "ही तक्रार कुणी केली ते बघायचं होतं. नाव गुप्त असेल म्हणा."

तिनं टोकन क्रमांक टाकला. "नाही काका, गुप्त ठेवलेलं नाही त्यांनी. जिनपाल आदगोंडा शेडबाळे. शेडबाळे फोटो स्टुडिओ."

मी काउंटरवर हात ठेवला. जिंकलो होतो. "बघितलंत?" मी म्हणालो. "बत्तीस वर्षांची दोस्ती. आणि बाकड्याची तक्रार करतो!"

"बाकड्याची?" ती पडद्याकडं वाकली. "थांबा हं. बाकड्याचं कुठं काही लिहिलंय? 'घड्याळाच्या दुकानासमोर. ज्येष्ठ नागरिक पडून इजा होण्याची शक्यता. सोबतचा फोटो पाहावा.' एवढंच आहे." मग तिनं पडदा माझ्याकडं वळवला. "हा फोटो."

रंगीत होता. माझ्याकडचा बशीएवढा, हा ताटाएवढा. बाबालाल, हुलवान, मी. मागं अकरा घड्याळं. आणि उजव्या कोपऱ्यात, माझ्या नोटिशीवर जिथं जांभळा शिक्का होता तिथं, बाकड्याच्या पायापासून हातभर अंतरावर, गटारावरची फुटलेली फरशी. तिच्यात काळं भोक. माणसाचा पाय घोट्याच्या वरपर्यंत जाईल एवढं.

माझा गेला होता तेवढंच.

"अगंबाई," अश्लेषा म्हणाली, "हे गटाराच्या झाकणाचं होतं काय? तक्रारी बघणाऱ्या साहेबांना वाटलं असणार बाकडं. फोटोत तेच नीट दिसतंय ना. झाकण जरा कोपऱ्यात आलंय, धूसर पण आहे." मग समजावणीच्या सुरात, "लोकांना फोटो काढता येत नाहीत, काका. काय दाखवायचंय ते मधोमध घ्यायला हवं."

लोकांना फोटो काढता येत नाहीत. त्या माणसानं पंचेचाळीस वर्षं फक्त माणसं मधोमध घेतली होती. भोकाचा फोटो काढायला तो पायरीवर उभा राहिला, समोर तिघं बसलेले दिसले, उजेड चांगला होता, आणि हातानं आपल्या सवयीचं केलं. वर लिहिलं, फोटो पाहावा. आपल्या फोटोत काय आहे हे माणसाला शब्दांत सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नसणार.

तो मला आधी का बोलला नाही तेही मला कळत होतं. मी हसलो असतो.

"ताई," मी म्हणालो, "दुसरी एक तक्रार आहे. ती मागं घ्यायची."

मी टोकन क्रमांक सांगितला. तिनं टाकला. पडद्यावर शोकेस आली. तिनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा पडद्याकडं पाहिलं, आणि मुलगी सभ्य होती म्हणून काही बोलली नाही.

"मागं घ्यायचं बटण नाही, काका."

"नाही म्हणजे?"

"तक्रार करायचं आहे, पाठपुराव्याचं आहे, समाधानी आहात का त्याचं आहे. मागं घ्यायचं आजवर कुणी मागितलंच नाही." तिला खरंच वाईट वाटलं होतं. "तुम्ही सूचना पाठवा ना. सूचनांचं बटण आहे. आणि ह्यात टीम निघालीय असं दिसतंय."

बाजारपेठ तिथून पाऊण किलोमीटर. मी सुजलेल्या पायानं जेवढं धावता येतं तेवढा धावलो. पोचलो तेव्हा टेम्पो उभा होता, शोकेस वर चढली होती, आणि मुकादम शोकेस नसलेल्या जागेचा फोटो काढत होता. शोकेसमधले फोटो सगळे आधीच बाहेर काढून घेतलेले. पायरीवर थप्पी लावून ठेवली होती, बारशी आणि लग्नं एकावर एक. जिनपाल शेजारी उभा होता. त्याच्या हातात एकच फोटो होता, मोठा.

टेम्पो गेला. मी धापा टाकत रस्त्याच्या मधोमध.

"जिनू," मी म्हणालो, "झाकण..."

"कळलं होय?" तो म्हणाला. "गुरुवारी तेच सांगायला आलो होतो. तू घड्याळात होतास. त्या दिवशी तुला भोकातनं पाय काढताना बघितलं मी, इथनं, पायरीवरनं. हाक मारली असती तर तुला राग आला असता. म्हटलं, झाकण बसू दे, मग सांगू. बाकडं जाईल असं वाटलं नव्हतं रे मला. फोटो चुकला माझा."

"फोटो चांगला होता," मी म्हणालो.

"चांगला होता म्हणूनच चुकला."

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. तोच आवाज, गुरुवारी त्याच्या खिशात वाजलेला. मी हात खिशाकडं नेला नाही.

"बघ की," जिनपाल म्हणाला. "निवारण झालं म्हणत असतील. समाधानी आहात का विचारतात, खाली पाच तारे असतात. देऊन टाक पाचही. माणसं वेळेवर आली, एक काच फुटू दिली नाही."

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"शनिवारी. नोटीस आली तेव्हा."

"आणि तरी चहा आणलास?"

"मग काय करू? पाच वाजले होते."

त्यानं हातातला मोठा फोटो माझ्या काखेत दिला. "हा तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं आता लावायला जागा नाही." मग खिशातून स्वतःची नोटीस काढून त्याच्यावर ठेवली. "आणि एक सांगतो. काचेचा फोटो कधी बरोबर समोरून काढायचा नाही, यशवंता. जरा तिरकं उभं राहायचं."

तो थप्पी उचलून आत गेला. मी दुकानात आलो आणि भिंग डोळ्याला लावलं. नोटिशीवर शोकेस होती, तीन ओळी फोटोंच्या, मधोमध अठ्ठावीस वर्षांचा मी, भिंग लावून चाकं बघत असलेला. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून काचेत आणखी एक माणूस उभा होता. केस पांढरे, भिंग कपाळावर, दोन्ही हातांत फोन धरलेला, तोंडावर समाधान.

जांभळा शिक्का ह्या खेपेला डाव्या कोपऱ्यावर पडला होता. तिथं एक बारशाचं बाळ होतं फक्त.